खाऱ्या वाऱ्यातलं धुराडं: लायनर बदलण्यापासून दुसऱ्या साफसफाईपर्यंत

इंग्लंडच्या टोकाला समुद्रकाठच्या कॉर्नवॉलमध्ये, फाल्मथ गावाच्या जवळ, नैर्ऋत्येच्या वाऱ्याला तोंड करून असलेलं जुनं दगडी घर. आत लाकडावर चालणारा 5 किलोवॅटचा स्टोव्ह, त्याच्यावर विटांचं जुनं धुराडं, आणि त्या धुराड्याच्या पोटातून पार वरपर्यंत गेलेला स्टेनलेस स्टीलचा लवचीक पाइप. हाच लायनर. आधीच्या मालकांनी बसवलेला हा लायनर सडला आणि बदलावा लागला. सप्टेंबर 2023 ते एप्रिल 2025 या काळात काय काय करावं लागलं ते इथे क्रमाने, खर्चासकट लिहीत आहे. आपल्याकडे चुलीचा धूर कौलांच्या फटींतून वाट काढतो, त्याला वेगळी नळी लागत नाही. त्यामुळे या किनाऱ्यावर घर घेणाऱ्या मराठी माणसाला हा विषय पहिल्यांदा भेटतो तो थेट बिघाड झाल्यावरच.

सुरुवात वासाने झाली. 4 सप्टेंबर 2023. उन्हाळाभर स्टोव्ह बंद होता आणि आठवडाभर पाऊस आडवा येत होता. बैठकीच्या खोलीत पाणी ओतून विझवलेल्या चुलीसारखा आंबूस वास सुटला. धुराड्याचं तोंड खालून बंद करणाऱ्या पत्र्याला रजिस्टर प्लेट म्हणतात. टॉर्च मारून पाहिलं तर त्या पत्र्यावर चहाच्या डागासारखा तपकिरी ओघळ होता. बोट लावलं तर चिकट. नुसतं पावसाचं पाणी असतं तर ते जवळपास स्वच्छ दिसलं असतं. तपकिरी, चिकट, वास मारणारं पाणी काजळीतून झिरपून आलेलं असतं. याचा अर्थ एक तर लायनर फुटला आहे, नाहीतर लायनरच्या मागे जुन्या विटांवर राहिलेली काजळी भिजली आहे. बाहेरून यातला फरक कळत नाही, म्हणून तपासणी होईपर्यंत स्टोव्ह पेटवायचा नाही.

सप्टेंबरात धुराडं साफ करणारा मिळणं कठीण, कारण थंडीच्या तोंडावर सगळ्यांनाच तो आठवतो. तीन ठिकाणी नोव्हेंबरच्या तारखा मिळाल्या. चौथ्या ठिकाणी कुणीतरी रद्द केलेली 26 सप्टेंबरची वेळ मिळाली. खर्च 75 पौंड. फोनवरच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: गिल्ड ऑफ मास्टर चिमनी स्वीप्स किंवा नॅशनल असोसिएशन ऑफ चिमनी स्वीप्स यांसारख्या संघटनेचे सदस्य आहात का, लायनरसाठी कुठला ब्रश वापरता, आणि काम झाल्यावर प्रमाणपत्र देता का. हे प्रमाणपत्र जपून ठेवायचं. घराच्या विम्याचा दावा करताना ते मागितलं जाऊ शकतं, आणि लायनरची हमी तर बहुतेक वेळा दरवर्षीच्या प्रमाणपत्रावरच टिकून असते. आधीच्या मालकांच्या कागदांत अशी प्रमाणपत्रं दोनच होती, त्यामुळे जुन्या लायनरच्या हमीचा काही उपयोग झाला नाही.

साफसफाईच्या आदल्या दिवसापासून स्टोव्ह थंड ठेवायचा, राख काढायची, समोरची दोनेक मीटर जागा मोकळी करायची. आत धूर अडवण्यासाठी एक आडवी फळी असते, तिला बॅफल म्हणतात. ती आधी बाहेर काढावी लागते, नाहीतर पडणारी सगळी काजळी तिच्यावरच साठते. बहुतेक वेळा ती व्हर्मिक्युलाइट या उष्णता अडवणाऱ्या हलक्या खनिजाची, ठिसूळ असते. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घेतला तर परत बसवताना उलटी लागत नाही. मग स्टोव्हच्या तोंडावर कापड लावून, त्याला असलेल्या बाहीतून मीटरभर लांबीचे रॉड एकाला एक जोडत वर सरकवले जातात. टोकाला नायलॉनच्या दोऱ्यांचं डोकं आणि खाली ड्रिल. फिरवायचं नेहमी उजवीकडे, कारण डावीकडे फिरवलं की रॉडचे आटे सुटून ब्रश वरच राहतो. लायनरमध्ये लोखंडी तारांचा ब्रश कधीही घालू द्यायचा नाही. तो स्टेनलेसवर ओरखडे पाडतो आणि साध्या लोखंडाचे कण मागे ठेवतो. गंज तिथूनच धरतो.

सातव्या रॉडनंतर ब्रश अडकला. खाली आलेल्या काजळीत चॉकलेटच्या चांदीसारखे पातळ, वाकलेले धातूचे कपचे होते. एका बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूने तांबूस. हा लवचीक लायनर दोन पापुद्र्यांचा असतो. लांब पट्टी मळसूत्रासारखी गुंडाळून, कडा एकमेकींत अडकवून तो बनवतात. प्रत्येक पापुद्रा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. काजळीत असे कपचे सापडले म्हणजे आतला पापुद्रा सुटत चालला आहे. त्या दिवशीच्या प्रमाणपत्रावर ‘वापरू नये’ असा शेरा आला.

9 ऑक्टोबरला कॅमेरा आत सोडून तपासणी झाली. 140 पौंड. हा खर्च टाळावासा वाटतो, पण टाळू नये. नेमकं कुठे आणि कशाने खराब झालं हे कळल्याशिवाय नवा लायनर घातला तर तोही त्याच वाटेने जातो. चित्रीकरणात खालचे सात मीटर काळे पण धड होते. वरचा दीड मीटर, म्हणजे छपराबाहेर वाऱ्यात उभा असलेला भाग, सुईने टोचल्यासारखा भोकाभोकांचा होता आणि एका जागी आतली पट्टी सुटून लोंबत होती.

असं वरच का होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. लाकूड कितीही वाळलेलं असलं तरी जळताना पाणी तयार होतं. 20 टक्के ओल असलेलं 1 किलो लाकूड जळलं की 600 ग्रॅमच्या आसपास वाफ निघते. ही वाफ धुराबरोबर वर जाते, आणि छपराबाहेरच्या थंडगार भागात लायनरच्या भिंतीवर तिचे थेंब होतात. त्यात लाकडाच्या धुरातली आम्लं उतरतात, डांबर उतरतं. धुरविरहित कोळशाच्या गोळ्या जाळल्या असतील तर त्यातलं गंधक त्या पाण्यात मिसळून गंधकाम्ल बनतं. या गोळ्यांत गंधक 2 टक्क्यांच्या खाली असावं असा इंग्लंडमध्ये 2021 पासून नियम आहे, पण तेवढंही ओल्या लायनरला पुरेसं होतं. म्हणूनच ओलं लाकूड आणि कोळशाच्या गोळ्या एकत्र जाळणं हे लायनरचं सगळ्यात मोठं नुकसान.

किनाऱ्यावर यात मीठ येऊन पडतं. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अदृश्य थरामुळे. मिठातलं क्लोराइड हा थर एखाद्या बिंदूवर फोडतं आणि मग तेवढ्याच जागी खोल खड्डा पडत जातो. बाकी पत्रा शाबूत दिसतो आणि मधे सुईएवढं भोक. समुद्राच्या तुषारांतलं मीठ वरच्या उघड्या तोंडातून आत येऊन बसतंच. शिवाय मागच्या शेडमध्ये आधीच्या मालकांनी रचून ठेवलेला लाकडांचा ढीग होता. किनाऱ्यावर वाहून आलेले ओंडके, गुळगुळीत, राखाडी, आणि चिरांमध्ये पांढरं मीठ फुललेलं. असं लाकूड कितीही छान जळलं तरी स्टोव्हमध्ये घालू नये. त्यातलं क्लोराइड धुरातून थेट लायनरवर जातं. तो सगळा ढीग आम्ही टाकून दिला.

पण या सगळ्यात घातक असतो तो उन्हाळा. आपल्याकडे पावसाळ्यात मिठाची बरणी सादळते. काजळीचंही तसंच. हवेतली ओल ती शोषून घेते, आणि तिच्यात आम्ल आणि मीठ आधीच असल्यामुळे एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत लायनरच्या अंगाला आंबट, खारट लेप लावून ठेवल्यासारखं होतं. हिवाळ्यात निदान रोजच्या आगीने तो वाळतो. बंद स्टोव्हच्या सहा महिन्यांत तो सतत ओला राहतो. सप्टेंबरात धुराडं साफ करायची इथली रीत पक्ष्यांच्या आणि धुराच्या दृष्टीने ठीक आहे, पण समुद्रकाठी ती उशिराची. शेवटची आग विझली की आठवडाभरात साफसफाई व्हायला हवी.

ऑक्टोबरात तिघांकडून अंदाजपत्रकं घेतली. 1,650 पासून 2,400 पौंडांपर्यंत. सगळ्यात स्वस्त होतं त्यात परांचीही नव्हती आणि लायनर स्टेनलेस स्टीलच्या 316 दर्जाचा होता. आम्ही 904 एल घेतला. 316 मध्ये मॉलिब्डेनम 2 ते 2.5 टक्के असतं. 904 मध्ये ते साडेचारच्या आसपास, निकेल 25 टक्क्यांच्या जवळ, आणि वर थोडं तांबं. मॉलिब्डेनम क्लोराइडपासून वाचवतं, तांबं गंधकाम्लापासून. फरक सुमारे 200 पौंडांचा होता. समुद्र दिसतो अशा घरात हा फरक वाचवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कागदपत्रांची बाजू अशी. इंग्लंडमध्ये लायनर बदलणं हे बांधकाम नियमांच्या कक्षेत येतं. त्याचा तपशील ‘अप्रूव्ह्ड डॉक्युमेंट जे’ मध्ये आहे. स्टोव्ह आणि धुराडी बसवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या हेटाससारख्या योजनेत नोंदणी असलेल्या कारागिराकडून काम करून घेतलं तर तो स्वतः प्रमाणित करतो आणि 30 दिवसांच्या आत नगरपालिकेला कळवतो. नोंदणी नसलेल्याकडून करायचं तर काम सुरू होण्याआधी नगरपालिकेच्या बिल्डिंग कंट्रोलकडे अर्ज आणि वेगळी फी. घर विकताना वकील हे प्रमाणपत्र मागतात, म्हणून कारागिराचा नोंदणी क्रमांक हेटासच्या यादीत आधी तपासून घ्यावा.

कामाची तारीख ठरली 2 नोव्हेंबर. नेमकं त्याच दिवशी कियारन वादळ कॉर्नवॉलवर आलं. परांची बांधणं शक्यच नव्हतं, आणि पुढचे काही आठवडे छपरांची दुरुस्ती करणारे सगळेच गुंतले. 5 डिसेंबर मिळाला. तीन महिने घर विजेच्या हीटरवर. छपरावरचं काम इथे मे ते ऑगस्टमध्ये धरावं, वारा तेव्हाच जरा नरम असतो.

पहिल्या दिवशी परांची, 520 पौंड. जुना लायनर वरून ओढून काढला आणि रिकामं विटांचं धुराडं आतून पुन्हा झाडलं. ही पायरी वगळली तर जुनी काजळी नव्या लायनरच्या बाहेर तशीच राहते आणि पहिल्याच ओल्या हवेत वास सुरू होतो. वर चिमणीच्या मातीच्या नळ्याभोवती जो उतरता गिलावा असतो, ज्याला इथे फ्लाँचिंग म्हणतात, त्याला बोट जाईल अशी भेग होती. विटांमधल्या सांध्यांच्या दरजाही जागोजागी मोकळ्या. कुणीतरी मधे सिमेंटने भरल्या होत्या. जुन्या मऊ विटांत सिमेंट भरलं की पाणी आत शिरतं पण बाहेर पडत नाही. त्या उकरून चुन्याने भरल्या, फ्लाँचिंग नवीन केलं, छपराच्या सांध्यातला शिशाचा पत्रा ठोकून बसवला. 240 पौंड. चुन्याला दंवापासून जपावं लागतं म्हणून तीन रात्री वर गोणपाट बांधून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी लायनर. साडेआठ मीटर लांबी, 6 इंच व्यास. त्याच्या अंगावर बाण असतो आणि बाण धुराच्या दिशेने, वर हवा. आतल्या पट्टीच्या कडा अशा असतात की उलटा बसवला तर खाली ओघळणारं डांबर प्रत्येक सांध्यात अडकतं. टोकाला निमुळती टोपी आणि दोरी बांधून एकजण वरून सोडतो, दुसरा खालून ओढतो. खाली तो स्टोव्हच्या पाइपला ॲडाप्टरने जोडतात, वर पकडपट्टीने टांगतात. मग लायनर आणि विटा यांच्यामधल्या पोकळीत व्हर्मिक्युलाइट ओततात. वरचा भाग गरम राहावा, वाफ तिथे पाणी होऊ नये यासाठी हे भरण. जुन्या लायनरला ते नव्हतंच. हिशोब सोपा आहे: आमचं धुराडं आतून 22.5 सेंटिमीटर चौकोनी, त्यातून लायनरची जागा वजा केली तर मीटरमागे साधारण 30 लिटर. आठ मीटरला 240, म्हणजे 100 लिटरच्या तीन गोणी. पण व्हर्मिक्युलाइट पाणी धरून ठेवतं. चिमणी गळत असताना ते भरलं तर लायनरला ओली गोधडी पांघरल्यासारखं होईल. म्हणून आधी सांध्यांच्या दरजा आणि फ्लाँचिंग, मग भरण. हा क्रम बदलू देऊ नये.

सगळ्यात वर पावसाची टोपी, म्हणजे काऊल, जाळीसह. जॅकडॉ हा छोटा कावळा उघड्या धुराड्यात काटक्या टाकत राहतो, कधी कधी मीटरभर उंच खच करतो. वापरात असलेल्या घरट्याला 1981 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे पिल्लं उडेपर्यंत हात लावता येत नाही. जाळी लाकडाच्या धुरासाठीची, रुंद छिद्रांची हवी. बारीक जाळी डांबराने काही आठवड्यांत बुजते.

लायनर, भरण, काऊल आणि मजुरी मिळून 1,980 पौंड. शेवटी धुराची चाचणी झाली, स्टोव्ह तापवून धूर वर खेचणारी ओढ मोजली. 12 पास्कलच्या आसपास यायला हवी होती, तशी आली. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्टोव्हपासून आडव्या अंतरात 1 ते 3 मीटरच्या मधे लागला. लायनरचा दर्जा, व्यास आणि तारीख लिहिलेली छोटी पाटी विजेच्या मीटरशेजारी बसली. ही पाटीही नियमातच आहे. प्रमाणपत्र 29 डिसेंबरला आलं. 2 जानेवारी 2024 ला हेंक वादळ येऊन गेलं. दुसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन रजिस्टर प्लेट पाहिली. कोरडी.

मग प्रश्न उरतो जाळायचं कसं. ओल मोजायचं यंत्र 18 पौंडांना मिळालं. ओंडका फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागावर, शिरांच्या दिशेने सुया टोचायच्या. बाहेरून टोचलं तर आकडा खोटा, बहुतेक वेळा कमी येतो. 20 च्या वर असेल तर थांबायचं. ‘रेडी टू बर्न’ छाप असलेलं लाकूड विकत घेतानाच 20 च्या आत असतं, पण बंद, दमट शेडमध्ये ठेवलं तर पुन्हा ओल धरतं. वर छप्पर, खाली चारसहा इंच हवा, बाजू मोकळ्या आणि फक्त नैर्ऋत्येकडे फळ्यांचा आडोसा अशी रचना इथे चालते. आठवड्याचं लाकूड घरात आणून ठेवायचं, स्टोव्हला टेकवून मात्र नाही. पाइपवर चुंबकाचा थर्मामीटर लावला की काटा साधारण 110 ते 250 अंशांच्या पट्ट्यात ठेवता येतो. पेटवल्यावर पहिली वीसपंचवीस मिनिटं हवा पूर्ण उघडी ठेवायची, म्हणजे लायनर वरपर्यंत तापतो. रात्री ओंडका घालून, हवा बंद करून तो धुमसत ठेवायची सवय इथे बऱ्याच घरांत आहे. काचसारखं चकचकीत, खरवडून न निघणारं डांबर त्यातूनच साठतं, आणि धुराड्याच्या आगीचं इंधनही तेच.

शेवटची आग 16 एप्रिल 2024 ला. 22 तारखेला साफसफाई. एप्रिलमध्ये फोन केला की तीन दिवसांत वेळ मिळते. मात्र घरट्यांचा हंगाम तेव्हा सुरू झालेला असतो, म्हणून आधी दुर्बिणीने काऊलची जाळी पाहून घ्यायची. साफसफाईनंतर स्टोव्ह उन्हाळ्यासाठी असा ठेवतो: राखेचा कणही आत नको, कारण राखही सादळते आणि लोखंड खाते. बॅफल बाहेर काढून कपाटात. हवेच्या सगळ्या झडपा उघड्या, दार बोटभर उघडं, म्हणजे खालून वर हलका वारा खेळत राहतो. तोंड प्लास्टिकने बांधणं किंवा फुगा घालून बंद करणं हे दमट किनाऱ्यावर चुकीचं. स्टोव्हच्या दाराची फट बंद करणाऱ्या दोरीची तपासणीही याच वेळी. दारात कागदाची पट्टी धरून बंद करायचं आणि ओढायची. सहज निघाली तर दोरी बदलायची. मोठ्या वादळानंतर खालूनच काऊलवर नजर टाकायची, वाकलेला किंवा फिरलेला दिसतो.

दुसरी साफसफाई 24 एप्रिल 2025 ला झाली. ब्रश आठ रॉड एका दमात वर गेला. खाली आलेली काजळी बादलीच्या तळाला चार बोटं भरली. मऊ, काळी-करडी, कोरडी, चिमटीत धरली तर पिठासारखी सुटणारी. जुन्या पेपरावर पसरून चाळून पाहिली. धातूचा एकही कपचा नव्हता.